राईचं दार आणि दोन रेघा

एक होतं मैदान. शाळेचं मैदान. सपाट सपाट, पोळपाटासारखं.

मैदानाच्या बरोब्बर मध्ये होतं एक टिंब. एवढंसं.

टिंब म्हणजे दार. दाराच्या आत राहायची मुंगी.

मुंगीचं नाव राई. राईएवढी होती, म्हणून राई. राईला एक बाळ होतं. ते राईहूनही लहान. ते कशाएवढं, ते सांगायला काही सापडत नाही.

राई होती भित्री. पान पडलं, की दचकायची. चिमणी उडाली, की दचकायची. स्वतःची सावली दिसली, तरी थोडीशी दचकायची. पण बाळाला खाऊ लागतो. मग बाहेर जावंच लागतं.

एके सकाळी राई बाहेर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाळ आत झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत खेळ होते. म्हणून सगुणामावशीनं मैदान झाडलं. खर्र खर्र, खर्र खर्र. पाणी मारलं. फस्स फस्स, फस्स फस्स. मावशी शाळेत खिचडी करायची आणि झाडायची पण. मग आले रखमाजीमामा. ते शाळेचे शिपाई. त्यांनी घमेल्यातून फक्की घेतली. फक्की म्हणजे पांढरी पांढरी भुकटी. तिची त्यांनी एक रेघ मारली. या कोपऱ्यापासून पार त्या कोपऱ्यापर्यंत. तिरकी.

राई परत आली. बघते तर दार नाही.

इथे मैदान सपाट. तिथे मैदान सपाट. दार कुठेच नाही.

राई दचकली. खाली बसली. मग उठली.

दार मधोमध होतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण मधोमध म्हणजे कुठे? ते ठाऊक नव्हतं. मैदानावर तसं कुठे लिहिलेलं नसतं.

तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली रेघेकडे.

“रेघताई, रेघताई,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
दाखव ना माझं दार.”

रेघ म्हणाली, “तुझं दार माझ्याखालीच आहे. मी त्याच्यावरूनच गेले.”

“कुठे?”

“ते काही मला सांगता यायचं नाही. माझ्यावर टिंबंच टिंबं. इथे टिंब, तिथे टिंब, दोघांच्या मध्ये आणखी टिंब. तुझं कुठलं, मला काय माहीत?”

राई रेघेवरून चालत निघाली. इथे का? नाही. इथे का? नाही. इथे तरी? तिथेही नाही. सगळीकडे पांढरं आणि सगळं सारखं. रेघ इतकी बारीक, की राईचे तीन पाय या बाजूला घसरायचे, तीन त्या बाजूला.

रेघ म्हणाली, “अशी दमशील. दुसरी रेघ मला भेटायला आण. माझे दोन कोपरे सोडून, उरलेल्या त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात. आम्ही दोघी जिथे भेटू, तिथे तुझं दार. दुसरी रेघ नाही, तर दार नाही.”

दुसरी रेघ कुठे होती? अजून घमेल्यातच होती.

तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली फक्कीकडे.

“फक्कीबाई, फक्कीबाई,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
हो ना तू रेघ.”

फक्की घमेल्यात पसरून बसली होती. ती फुस्स करून उडाली. राई दचकली.

फक्की म्हणाली, “मी तर नुसता ढीग. मला सरळ जाता येत नाही. दोरी ताठ होऊ दे, मग तिच्या कडेनं मी रेघ होईन. ताठ दोरी नाही, तर रेघ नाही.”

तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली दोरीकडे.

“दोरीअक्का, दोरीअक्का,
फक्की रेघ होईना,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
हो ना तू ताठ.”

दोरीचं एक टोक कोपऱ्यातल्या खुंटीला बांधलेलं होतं. बाकीची दोरी तिथेच वेटोळं करून पडली होती. राईला वाटलं साप. राई दचकली. साप नव्हता.

दोरी म्हणाली, “एका खुंटीला बांधलं, की मी कुठेही जाते बघ. नळाकडे जाते. झोपाळ्याकडे जाते. मोठ्या बाईंच्या स्कूटरकडे पण जाते. शंभर वाटा आहेत मला.”

“मग?”

“मग काय. दुसरी खुंटी उभी कर. दोन खुंट्या असल्या, की मला एकच वाट उरते. तिकडून वळायचं नाही, इकडून वळायचं नाही. मग मी ताठ. दुसरी खुंटी नाही, तर ताठ दोरी नाही.”

दुसरी खुंटी होती पार समोरच्या कोपऱ्यात. राईला जायला वेळ लागला.

तुरुतुरु, तुरुतुरु. तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली खुंटीकडे.

“खुंटीबाई, खुंटीबाई,
दोरी ताठ होईना,
फक्की रेघ होईना,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
राहा ना तू उभी.”

खुंटी आडवी पडून होती. आभाळ बघत होती.

खुंटी म्हणाली, “माझी मी कशी उभी राहू? मामांनी डोक्यात हातोडा घालायला हवा. ठक ठक ठक. हातोडा नाही, तर उभी खुंटी नाही.”

डोक्यात हातोडा. राई नुसतं ऐकूनच दचकली. पण खुंटीला त्याचं काही वाटत नव्हतं.

तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली मामांकडे.

मामा पायरीवर बसले होते. पाय लांब केले होते. टोपी गुडघ्यावर होती. हातोडा शेजारी होता.

“रखमाजीमामा, रखमाजीमामा,
खुंटी उभी राहीना,
दोरी ताठ होईना,
फक्की रेघ होईना,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
उचला ना हातोडा.”

मामांनी खाली वाकून बघितलं. मग त्यांनी राईला आपला नियम सांगितला. एक रेघ चहाच्या आधी. एक रेघ चहाच्या नंतर. मागच्या वर्षी त्यांनी नियम मोडला. चहा न घेता दुसरी रेघ मारली. ती रेघ वाकडी वाकडी गेली आणि चिंचेला जाऊन धडकली. दुसऱ्या दिवशी पळणारी मुलंही तशीच गेली.

“तेव्हा चहा नाही,” मामा म्हणाले, “तर हातोडा नाही.”

“मग चहा घ्या ना, मामा.”

“कुठून घेऊ? सगुणाबाई ठेवतील तेव्हा ना. बारशाचा चहा मुंजीला मिळतो आमच्याकडे.”

हे मामा जरा मोठ्यानं बोलले. चिंचेखाली मावशी होती. तिला ते ऐकू गेलं.

तुरुतुरु, तुरुतुरु. राई गेली मावशीकडे.

“सगुणामावशी, सगुणामावशी,
मामा हातोडा उचलीना,
खुंटी उभी राहीना,
दोरी ताठ होईना,
फक्की रेघ होईना,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
ठेव ना चहा.”

मावशीसमोर चूल होती. चूल म्हणजे दगड आणि मध्ये जाळ. पण दगड दोनच होते. मावशीनं पातेलं ठेवलं. डुगडुग, डुगडुग. पातेलं इकडे कललं. मावशीनं सावरलं. डुगडुग, डुगडुग. पातेलं तिकडे कललं. जाळावर पाणी सांडलं. चर्रर्र झालं. राई दचकली.

“बघितलंस?” मावशी म्हणाली. “दोन दगडांवर कधी पातेलं बसतं का? तिसरा होता. चांगला होता. काल तुझ्या मामांनी फाटकाला लावायला नेला. ज्यानं नेला त्यानं आणावा. मी नाही उठायची.”

मामा पायरीवरून म्हणाले, की चहा घेतल्याशिवाय त्यांच्यानंही उठवत नाही.

“बसा मग,” मावशी म्हणाली. “तिसरा दगड नाही, तर चहा नाही.”

मामा बसले. मावशी बसली. पातेलं बसलं नाही.

आणि तिकडे बाळ आत. दार बंद. ऊन वर चढायला लागलेलं. बाळ आता उठलं असेल, राईला वाटलं. उठून दाराशी आलं असेल. दार नाही म्हणून रडत असेल. मुंगीचं बाळ रडलं, तर बाहेर कुणालाच ऐकू येत नाही.

राई निघाली. या वेळी जास्त जोरात.

तुरुतुरुतुरुतुरु, तुरुतुरुतुरुतुरु. राई गेली फाटकाशी, दगडाकडे.

“दगडदादा, दगडदादा,
मावशी चहा ठेवीना,
मामा हातोडा उचलीना,
खुंटी उभी राहीना,
दोरी ताठ होईना,
फक्की रेघ होईना,
रेघ दार दाखवीना,
दार मला सापडेना,
बाळ माझं दिसेना.
चल ना चुलीकडे.”

दगड हलला नाही. दगड तसेही पटकन हलत नाहीत.

दगड म्हणाला, “दोन आहेत ना तिथे?”

“आहेत.”

“दोन आहेत, तर मी कशाला? मी आपला तिसरा. मला नेला, कुणाला काही वाटलं नाही. बरा आहे मी इथे.”

आता राईनं कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. फाटकाबाहेर रस्ता होता. रस्त्याला कुणाचं दार ठाऊक नसतं.

राई दगडाच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, “दादा, मी सकाळी रेघेवरून चालले.”

“बरं मग?”

“रेघ फार बारीक असते. तिच्यावर नीट उभं राहता येत नाही. इकडे पडायला होतं, नाही तर तिकडे. चुलीतले ते दोघं म्हणजे एक रेघच आहे. पातेलं तिच्यावर उभं राहतं आणि पडतं. तू नाहीस म्हणून पडतं.”

“मी नाही म्हणून?”

“हो. मावशी म्हणाली, तिसरा चांगला होता.”

“असं म्हणाली?”

“म्हणाली.”

दगडानं जरा विचार केला. मग निघाला. गडगड, गडगड, गडगड. पुढे दगड, मागे राई. पाठीमागे फाटक कर्रर्र करून मिटलं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

दगड चुलीशी आला. तिथे दोन दगड होते. तिसरा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. अगदी नीट. एक, दोन, तीन. एका ओळीत.

मावशीनं पातेलं ठेवलं.

डुगडुग, डुगडुग. पातेलं इकडे कललं. डुगडुग, डुगडुग. पातेलं तिकडे कललं. चर्रर्र.

दगडाला काही कळेना. तो शाळेतला दगड. रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी ऐकायचा, ओळीत उभे राहा, ओळीत उभे राहा. म्हणून तो ओळीत बसला.

“अरे ठोंब्या,” मावशी म्हणाली, “ही चूल आहे, प्रार्थना नाही. ओळीत काय बसतोस? ओळ मोड. बाजूला सरक.”

ओळ मोडायची? असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दगड थोडा लाजला. मग सरकला. गड. आणखी थोडा. गड.

आता एक इथे, एक तिथे आणि एक समोर.

मावशीनं पातेलं ठेवलं. पातेलं हललं नाही. मावशीनं बोटानं ढकलून बघितलं. तरी हललं नाही.

एक दगड म्हणजे टिंब. दोन दगड म्हणजे रेघ. तीन दगड ओळ मोडून बसले, की झालं मैदान. छोटंसं. पातेल्याएवढं.

मग काय झालं?

दगड नीट बसला.
मावशीनं चहा ठेवला. खदखद, खदखद. आलं ठेचून घातलं.
मामांनी चहा प्याला. फुर्रर्र, फुर्रर्र. मग हातोडा उचलला.
ठक ठक ठक, खुंटी उभी राहिली.
सळसळ सळसळ, दोरी ताठ झाली.
भुरुभुरु भुरुभुरु, फक्कीची रेघ झाली.

दुसरी रेघ निघाली. त्या कोपऱ्यातून या कोपऱ्याकडे. सरळ सरळ, पांढरी पांढरी. राई तिच्याबरोबर पळत होती. तुरुतुरु, तुरुतुरु. पळता पळता पहिली रेघ आली.

रेघ रेघेला भेटली. एकदाच भेटली. एकाच जागी भेटली.

तिथे राईनं उकरायला सुरुवात केली. फक्कीचा एक कण बाजूला. दुसरा कण बाजूला. तिसरा कण बाजूला.

तेवढ्यात राईवर सावली पडली. मोठी सावली. तिच्या एका हातात खुंटी होती, एका हातात हातोडा.

मामा होते ते. त्यांना मैदानाच्या मधोमध गोल काढायचा होता. लहान मुलांच्या संगीत खुर्चीचा. गोल काढायचा तर मधोमध खुंटी ठोकायची आणि तिला दोरी बांधून फिरायचं. त्यासाठी तर त्यांनी दोन्ही रेघा मारल्या होत्या.

राई दचकली. पण पळाली नाही. तिथेच उभी राहिली.

“मामा,” राई म्हणाली, “इथे माझं बाळ आहे.”

मामांचा हातोडा वरच थांबला.

“मला पण हेच टिंब हवंय,” मामा म्हणाले. “दोन रेघा एका जागी भेटतात, दोन जागी नाही भेटत. मी दुसरं मधोमध आणू कुठून?”

बाजूला सरकून खुंटी ठोकली, तर गोल एकीकडे जाणार. तिथेच ठोकली, तर दार फुटणार. मामा खुंटीकडे बघत होते, राई मामांकडे.

मावशी रिकामा कप न्यायला आली होती. तिनं वाकून बघितलं. खुंटी काढून घेतली आणि मामांच्या खिशात घातली. मग टिंबाच्या एका बाजूला एक पाय ठेवला, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि उकिडवी बसली. दोरीचं टोक चिमटीत धरलं. बरोब्बर टिंबाच्या वर, अधांतरी.

“फिरा आता,” मावशी म्हणाली. “आणि लवकर फिरा. गुडघे माझे आहेत.”

मामा फिरायला लागले. हातात दोरीचं दुसरं टोक, हाताखाली फक्की. भुरुभुरु, भुरुभुरु.

खाली राई उकरत होती. चौथा कण बाजूला. पाचवा कण बाजूला.

आणि दार उघडलं.

राई आत गेली. आत गार होतं. बाळ जागं झालं होतं. रडून रडून गप्प बसलं होतं.

“आई,” बाळानं विचारलं, “दार कुठे गेलं होतं?”

“कुठे नाही,” राई म्हणाली. “ते जिथे होतं, तिथेच होतं. मला तेवढ्या दोन रेघा लागल्या.”

बाळाला ते काही कळलं नाही. ते राईच्या कुशीत शिरलं.

टिंबातून निघाली, रेघेवरून गेली, मैदानभर फिरली, राईची गोष्ट टिंबात शिरली.